घारापुरी राखा, पण बाकीची बेटं सोडून देऊ नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दोनेक महिन्यांपूर्वी आमच्याकडे उरणला एका बैठकीत बसले होते, विषय होता मुंबई बंदरातल्या आणि आसपासच्या बेटांचं काय करायचं, म्हणजे पर्यटन कुठे, जेट्टी कुठे आणि झाडापेडांसाठी काय राखायचं. तिथे एका गृहस्थांनी सरळ सांगून टाकलं, "मॅडम, घारापुरी सगळ्यात मोठं, झाडं तिथेच जास्त, तेवढं एक राखलं की झालं, बाकीच्या खडकांवर आहे काय?" अर्ध्याअधिक लोकांनी माना डोलावल्या. मला तिथे नीट बोलता आलं नाही, वेळही नव्हता, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांब होईल, कापायचं असेल तर कापा पण मधला पावसाळ्याचा भाग कृपया ठेवा.

मी मोऱ्याची. ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचे, आता रिटायर झालेय. सत्तावीस वर्षं मोरा ते भाऊचा धक्का अशी लाँचने ये-जा केली, भरती असेल तर वेळेवर आणि मोठी ओहोटी असेल तर गाळामुळे लाँच लागायचीच नाही म्हणून धक्क्यावर ताटकळत बसून. त्या प्रवासात उजव्या हाताला घारापुरी, मग जवाहर द्वीप, ज्याला आम्ही अजून बुचरच म्हणतो, त्याच्यावरच्या तेलाच्या टाक्या, डावीकडे लांब नौदलाचं मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक, आणि धक्का जवळ आला की क्रॉस आयलंड. मे महिन्यात ही सगळी एकसारखीच दिसतात, करपलेली. पण जुलैमध्ये पाऊस दोन दिवस उघडला की लाँचच्या कठड्याला उभं राहून बघा, एकाचा हिरवा गडद काळपट, एकाचा पोपटी, एकावर नुसता गवताचा पिवळट हिरवा, कारण प्रत्येकावर उगवणारं वेगळं आहे.

ते गृहस्थ अगदीच चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. बेट जितकं मोठं तितक्या त्याच्यावर जाती जास्त, हे खरंच आहे. १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि ई. ओ. विल्सन या दोघांनी याचा सिद्धांत मांडला, मोठ्या बेटावर जाती टिकतात जास्त आणि किनाऱ्याजवळच्या बेटावर नवीन येतात जास्त, आणि ढोबळ हिशेब असा की क्षेत्रफळ दहापट झालं की जाती साधारण दुप्पट होतात. आता हे वाक्य परत वाचा. दहापट जागा, पण जाती दुप्पटच. म्हणजे बेट एक दशांश एवढंसं झालं तरी जाती एक दशांश होत नाहीत, निम्म्या राहतात. छोट्या बेटाला "खडक" म्हणून सोडून देताना हा हिशेब कोणीच करत नाही.

घारापुरीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते राखायलाच पाहिजे आणि पहिल्या नंबरावर राखायला पाहिजे. दोन डोंगर, मधे खाचरांची दरी, उंची दीडशे मीटरच्या आसपास, वर आंबा, चिंच, करंज, मधेमधे ताड, खाली चिखलात खारफुटीची किनार, एवढ्याशा बेटावर एवढ्या तऱ्हा जवळपास दुसरीकडे नाहीत. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत त्यामुळे निदान नाव तरी सगळ्यांना माहीत आहे. पण प्रश्न "पहिलं कुठलं" हा नाहीच, तो सोपा आहे. प्रश्न दुसरं कुठलं, तिसरं कुठलं हा आहे, आणि तिथे आपण सगळे एकच चूक करतो, मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळ लावतो आणि वरून दोन उचलतो.

वर्गात मी हे असं समजावायचे. समजा तीन बेटं आहेत. पहिल्यावर २०० जाती, दुसऱ्यावर ८०, तिसऱ्यावर फक्त ४०. दोनच राखायला परवानगी आहे. पोरं लगेच ओरडायची, पहिलं आणि दुसरं! मग मी याद्या फळ्यावर लिहायचे. दुसऱ्याच्या ८० मधल्या ७८ पहिल्यावर आहेतच. तिसऱ्याच्या ४० मधल्या २५ पहिल्यावर आहेत, १५ मात्र इतर कुठेच नाहीत. आता सांगा. पहिलं आणि दुसरं घेतलं तर हातात २०२, पहिलं आणि तिसरं घेतलं तर २१५. जे बेट यादीत सगळ्यात खाली होतं ते अचानक दुसऱ्या नंबरवर आलं, आणि ते कधी कळलं, तर याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर. आपण बाजारात भाजी घेताना हेच करतो ना, घरात बटाटे आहेत तर पिशवी मोठी दिसते म्हणून परत बटाटेच नाही आणत, जे घरात नाही ते आणतो.

ही काही माझ्या डोक्यातली आयडिया नाही. टास्मानियातल्या जेमी कर्कपॅट्रिक यांनी १९८३ मध्ये झाडांसाठी जागा निवडताना हीच पद्धत मांडली, एक जागा घेतली की तिथल्या जाती यादीतून खोडायच्या आणि उरलेल्यांसाठी परत पहिल्यापासून बघायचं. पुढे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातच मार्ग्युल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खोऱ्यातल्या पाणथळ जागांसाठी हेच केलं, आणि मग कॉम्प्युटरवर हे व्हायला लागलं. तिथल्याच ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळाच्या पट्ट्याचं २००४ मध्ये नवीन झोनिंग झालं, म्हणजे कुठे काय चालेल याची विभागणी, तेव्हा मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग साडेचार टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर गेला, त्यामागेही हाच विचार, प्रत्येक प्रकारच्या वस्तीचा थोडा थोडा तुकडा आला पाहिजे. एवढ्या मोठ्या समुद्रासाठी जे जमलं ते आपल्या बंदरातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बेटांसाठी वही-पेन्सिलनेसुद्धा जमेल.

नुसता आकडा किती फसवतो याचं एक उदाहरण मला फार आवडतं. विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी सिंबरलॉफ यांनी १९६६-६७ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची एवढीएवढीशी खारफुटीची बेटं निवडली, एकेका बेटावर चक्क तंबू घातला आणि धूर सोडून सगळे किडे मारले. मग मोजत बसले. वर्षभरात किड्यांच्या जातींचा आकडा बऱ्याच बेटांवर जवळपास पहिल्याइतका झाला. पण परत आलेले किडे तेच नव्हते, बरेच वेगळे होते. आकडा तोच, कुटुंब दुसरं. त्यामुळे उद्या कुणी रिपोर्ट आणून दाखवला की अमुक बेटावर पूर्वी इतक्या जाती होत्या आणि आताही तितक्याच आहेत, तर माझा पहिला प्रश्न असेल, नावं दाखवा.

आता आपल्या बेटांकडे येते. खारफुटी घ्या. मुंबईच्या खाडीत सगळ्यात जास्त तिवर. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावलं की खारट लागतं, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, माझ्या प्रत्येक बॅचने हे केलंय आणि प्रत्येक बॅचमध्ये एक तरी पोरगी "ईई" म्हणून थुंकलीय आणि दुसऱ्या मिनिटाला परत चाटून बघितलंय. कांदळाची तर शेंग झाडावर असतानाच रुजते, खाली पडते, ओहोटीबरोबर तरंगत जाते आणि जिथे चिखल मिळेल तिथे उभी राहते. म्हणजे खारफुटीला बेट म्हणून काही अडचणच नाही, पाणी हाच तिचा रस्ता, त्यामुळे एका बेटाच्या चिखलात जे आहे ते शेजारच्या बेटाच्या चिखलात बऱ्यापैकी सापडतं. ती महत्त्वाची नाही असं चुकूनही म्हणत नाही, तिला कायद्याचं संरक्षण आहे, हायकोर्टाने २००५ आणि परत २०१८ मध्ये कडक शब्दांत सांगितलंय, राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतोय, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर पण केलं. हे सगळं चांगलंच झालं. पण यामुळे एक गैरसमज पसरलाय की बेटावरचा निसर्ग म्हणजे खारफुटी, ती राखली की बेट राखलं.

बेटाबेटांतला खरा फरक चिखलाच्या वर आहे. डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू, कातळावर साठलेली बोटभर माती, पाण्याच्या जुन्या टाक्याच्या कडेची ओल, वाळूची पट्टी, लाटांचं पाणी उडतं तो खडक. वाळूवर मर्यादावेल, ती समुद्राला इथपर्यंतच ये म्हणते म्हणून आपल्या लोकांनी तिला ते नाव दिलं. ओल्या भिंतीच्या फटीत हंसराज. झुडपांच्या कडेने कळलावी. कातळावर पावसात आभाळी, तेरडा, पांढऱ्या फुलांची मुसळी. यातल्या कित्येकांचे कंद जमिनीत, बी जड, ते काही कांदळाच्या शेंगेसारखं तरंगत पलीकडे जात नाही. एका बेटावरून गेलं की गेलं, शेजारच्या बेटावरून आपोआप परत येईल या भरवशावर राहता येत नाही.

आणि हे दिसतं कधी? जून ते ऑक्टोबर. आता इथे मेख आहे आणि हा भाग कृपया कापू नका. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या असतात. गेटवेवरून घारापुरीच्या लाँच पण खराब हवामानात बंद असतात. म्हणजे जेव्हा झाडं असतात तेव्हा होडी नसते आणि जेव्हा होडी मिळते तेव्हा झाडं जमिनीत झोपलेली. मग पाहणी करणारे साहजिकच डिसेंबर-जानेवारीत येतात, हवा छान, समुद्र शांत, दोन दिवसांत बेट फिरून होतं, मोठी झाडं मोजली जातात, खारफुटीचे फोटो निघतात, आणि गवताच्या उतारापुढे "ओसाड" किंवा "झुडपी" असा शब्द पडतो. त्या एका शब्दावर पुढे काय काय मंजूर होतं! मी स्वतः असा "ओसाड" उतार ऑगस्टमध्ये बघितलाय, पाय कुठे ठेवू असं झालं होतं, प्रत्येक वितीवर काहीतरी फुललेलं.

म्हणून बेटं निवडायची तर आधी याद्या तीन वेळा करायला लागतील, पहिल्या पावसानंतर, श्रावण-भाद्रपदात आणि मग थंडीत. आणि त्या याद्या करायला नुसते बाहेरून आलेले तज्ज्ञ पुरणार नाहीत. आमच्या बाजारात जूनमध्ये शेवळं ही रानभाजी येते, सोबत काकडं नावाची आंबट फळं, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. ती शेवळं विकणाऱ्या बायकांना विचारा, कुठल्या उतारावर आधी वर येतात, कुठे मागच्या पाच वर्षांत यायची बंद झाली, त्या नुसत्या हाताने दिशा दाखवून सांगतात. माझ्याकडून शिकलेल्या एका मुलीच्या आजीने मला एकदा एका दुपारात चौतीस रानभाज्या आणि औषधी मोजून दाखवल्या होत्या, मला त्यातल्या अकरांची शास्त्रीय नावं घरी येऊन शोधायला लागली. अशा बायकांना मानधन देऊन पाहणीत घ्या, नुसतं "स्थानिकांचा सहभाग" असं लिहून चालत नाही.

एक प्रसंग सांगते, नाव कुणाचं घेत नाही. आमच्या इथल्याच किनाऱ्यालगतच्या एका टेकडीवर काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने पर्यावरण दिनाला झाडं लावली. उत्साह खरा होता, पोरं टीशर्ट घालून आली होती, माझे काही जुने विद्यार्थी पण त्यात होते. पण त्याआधी मे महिन्यात गवत जाळून उतार साफ केला आणि दीड-दीड फुटाचे खड्डे मारले, नेमके तिथेच जिथे कातळावर थोडीफार माती होती, म्हणजे जिथे मुसळीचे आणि कळलावीचे कंद होते. मी जूनमध्ये गेले तर खड्ड्यांच्या कडेला ते कंद उपसून टाकलेले, काही फावड्याने अर्धे कापलेले, सुकून चामड्यासारखे झालेले. मी पिशवीत भरून आणले, परसात लावले, तीनच जगले. खड्ड्यांत लावलं काय, तर गुलमोहर आणि गिरिपुष्प. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपं मेली आणि जी जगली त्यांच्या सावलीत आता गवत पण नीट येत नाही. त्या वर्षी गौरीला कळलावीची फुलं, आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात त्यांना, ती मला भाऊच्या धक्क्यावरून येताना भायखळ्याच्या बाजारातून विकत आणायला लागली. माझ्या आईने आयुष्यात कधी ती विकत आणली नव्हती.

तेव्हा बेट राखणं म्हणजे बेटावर झाडं लावणं नव्हे हे आधी लिहून ठेवा. लॉन नको, शोभेची झाडं नकोत, सुबाभूळ तर अजिबात नको. घाणेरी आणि रानमोडी उपटायची असेल तर उपटा, त्याला माणसं लागतील तर आम्ही येतो. अलिबागजवळच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यासारख्या ठिकाणी तटबंदीत घुसलेले वड-पिंपळ काढायला लागतात ते पण मान्य, मुळं दगड फोडतात. खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा झाली, १६७९ मध्ये महाराजांनी जिथे बांधकाम सुरू केलं त्या जागेला हा मान मिळाला याचा कुणाला आनंद होणार नाही. पण आता साफसफाईचा जोर येईल आणि तेव्हा तटाच्या आतला आणि बाहेरचा खडक, गवत, वेली सगळंच "साफ" होऊ नये, शेजारच्या उंदेरीवर पण. तट साफ करा, कातळ राहू द्या, एवढं कंत्राटाच्या कागदात लिहिता येण्यासारखं आहे.

दुसरा गैरसमज बंद बेटांबद्दल. लोक म्हणतात बुचर, मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक इथे कुणाला जाताच येत नाही म्हणजे ती राखलेलीच आहेत. माणसं, शेळ्या, प्लास्टिक नाही हा फायदा आहेच. पण बुचरवर तेलाच्या टाक्या आहेत आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वीज पडून त्यातल्या एका डिझेलच्या टाकीला लागलेली आग दोन-तीन दिवस धुमसत होती, आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. जी जागा दुसऱ्या कामासाठी बंद आहे ती त्या कामाची गरज बदलली की एका ऑर्डरवर बदलते. तिथल्या झाडांची यादी असेल आणि ती कुणाच्या तरी जबाबदारीवर असेल तरच ती जागा राखली असं म्हणता येईल. नौदल आणि पोर्ट दोघांनाही माझी हात जोडून विनंती आहे, सुरक्षेच्या अटी घाला, फोटो काढू देऊ नका, सोबत तुमचा माणूस द्या, पण वर्षातून तीन वेळा दोन वनस्पती अभ्यासकांना वही घेऊन उतरू द्या. टाक्यांपासून लांबचा एखादा उतार "इथे गवत कापायचं नाही" म्हणून ठेवायला खर्च काही नाही.

तिसरी गोष्ट खाडीतली बेटं. वसईच्या खाडीतलं पाणजू, ज्याच्यावरून नायगाव-भाईंदरच्या मधे लोकल धडधडत जाते आणि डब्यातल्या कितीतरी जणांना आपण बेटावरून गेलो हे माहीतच नसतं. किंवा समुद्रातलं अर्नाळा. अशी बेटं किनाऱ्याच्या इतकी जवळ आहेत की जाती येत-जात राहतात, पक्षी बिया आणतात, वारा आणतो, भरती आणते. त्यामुळे तिथे वेगळं काही नसेल असं वाटतं. पण जवळ असण्याचा दुसरा अर्थ असा की मुख्य जमिनीवरून जे पुसलं गेलं ते अजून तिथे उरलेलं असू शकतं. मुंबईचंच बघा, कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही एकेकाळी बेटं होती, अठराव्या शतकाच्या शेवटी हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला आणि मग एकेक करून भरत गेली. त्यांच्या ओहोटीच्या पट्ट्यावर आणि कातळावर काय होतं ते आता फक्त जुन्या नोंदींत आणि सुकवून ठेवलेल्या नमुन्यांत मिळतं. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी यादी छापली, त्यात कुठली जात कुठे मिळाली ते पण लिहिलंय. झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जुने नमुने नीट जपलेत. त्या नोंदींतली "मुंबई" आज कुठल्या बेटावर जिवंत आहे हे शोधायला कॉलेजच्या मुलांची एक टीम दोन पावसाळे लावली तर शोधता येईल, आणि जे बेट अशा हरवलेल्या जातींचं शेवटचं घर निघेल ते कितीही छोटं असलं तरी निवडलंच पाहिजे, तिथे मोठं-छोटं हा प्रश्नच येऊ नये.

काही जण म्हणतील बेटं राखायची म्हणजे माणसं हाकलायची. अजिबात नाही. घारापुरीला शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, वीज तिथे केबलने २०१८ मध्ये पोहोचली, एवढी वर्षं ती माणसं जनरेटर आणि कंदिलावर राहिली, आणि आता त्यांना कुणी निसर्गाच्या नावाने त्रास देणार असेल तर मी पहिली विरोधात उभी राहीन. उलट कायदा त्यांच्याच हातात अधिकार देतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. ही नोंदवही ऑफिसात बसून दुसऱ्या गावाची कॉपी करून भरली की संपलं, पण खरोखर उतारावर फिरून भरली तर तीच वर सांगितलेली यादी होते. त्याच कायद्यात जैविक वारसा स्थळ जाहीर करायची सोय आहे आणि त्याला मोठी जागा लागत नाही. आपल्याच सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची मायरिस्टिकाची, म्हणजे रानटी जायफळाच्या झाडांची दलदल जेमतेम अडीच हेक्टरची आहे, ती जाहीर झाली. मग बंदरातला एखादा कातळ का नाही?

माझी भाची ऑकलंडला असते, गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने मला टिरीटिरी मातंगी बेटावर नेलं. शहरापासून फेरीने तासाभरावर. एकेकाळी शेतीसाठी जवळपास उघडं केलेलं ते बेट, १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं सामान्य लोकांनी शनिवार-रविवार जाऊन तिथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली, आणि तिथलीच स्थानिक. फेरीत चढण्याआधी बूट घासायला लावले आणि पिशवीत उंदीर, मुंग्या, बिया नाहीत ना ते बघायला लावलं. मला वाटलं होतं कुणी कुरकुर करेल, पण लहान मुलं स्वतःहून बुटांचे तळ वर करून दाखवत होती. आपल्याकडे गेटवेला किंवा मांडव्याला रोज हजारो लोक लाँचमध्ये चढतात, तिथे एक ब्रश आणि एक फळा ठेवायला कुणाची हरकत असेल? शिवडी ते घारापुरी रोपवेची चर्चा मधे झाली होती, अटल सेतू तर जानेवारी २०२४ पासून डोळ्यासमोर उभा आहे, बेटं अजून जवळ येणार, माणसांबरोबर बिया पण येणार, त्यामुळे ही सवय आत्ताच लावायला हवी.

तुमच्या वर्तमानपत्राकडून एक अपेक्षा आहे. बेटांच्या विकासाची बातमी आली की कृपया एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा, झाडांची पाहणी कुठल्या महिन्यात केली? उत्तर डिसेंबर आलं तर तसं छापा. वाचकांना बाकी समजावून सांगायची गरज पडणार नाही. आणि निवड जाहीर होईल तेव्हा नुसती बेटांची नावं नकोत, कुठल्या बेटावर असं काय आहे जे निवडलेल्या दुसऱ्या कुठल्याच बेटावर नाही, ते पण सोबत मागा.

माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या सहलींच्या अठरा वह्या आहेत, मुलांच्या अक्षरातल्या, काही पानं पावसाने फुगलेली, काहींत दाबलेली पानं अजून आहेत. जे कुणी हे काम हातात घेईल, सरकारी असो वा कॉलेजचं, त्यांना मी त्या झेरॉक्स करून देईन, मूळ वह्या पण बघायला देईन.

त्या बैठकीतले गृहस्थ हे पत्र वाचत असतील तर त्यांना मनापासून बोलावतेय, गौरी-गणपतीच्या आठ दिवस आधी मोऱ्याला या. वर काय आहे ते चालत जाऊन दोघं मिळून बघू, चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला, कातळ फार निसरडा असतो. भरतीची वेळ मी बघून ठेवते, नाहीतर लाँच लागायची नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मोरा, ता. उरण